पाखरांच्या वाट्याचा धान

माझ्या बायकोच्या तेरवीचा भात फार चांगला झाला होता. पंगतीतला जो तो तेच म्हणत होता. मांडवभर वास सुटला होता, आणि लोक पानावर वाकून हळू आवाजात एकमेकांना सांगत होते, "भात गोड लागून राह्यला जी." मी दोनदा घेतला. कोणी वाढत होतं, मी खात होतो.

मला त्या दिवसांत काही म्हणजे काहीच वाटत नव्हतं. बोट चिरलं की डॉक्टर भुलीची सुई देऊन टाके घालतो. सुई चामडीतून जाताना दिसते, पण दुखत नाही. तसं चाललं होतं. माणसं येत, खांद्यावर हात ठेवत, मी "हो जी, हो जी" म्हणत असे. संक्रांत झाली आणि चार दिवसांत ती तापानं गेली. सरणाला अग्नी देऊन घरी आलो आणि माझ्या मनात काय आलं, तर अमक्याची पंपाची मोटार उद्या द्यायची कबूल केली आहे. निर्लज्ज म्हणा हवं तर. दुसऱ्या दिवशी मी खरंच दुकानात जाऊन त्या मोटारीला तार गुंडाळत बसलो. थोरला भाऊ ओढून घरी घेऊन आला.

माझं दुकान पंपदुरुस्तीचं. इटियाडोह धरणाच्या कालव्याचं पाणी आमच्या शिवारात येतं, पण शेवटच्या बांध्यांपर्यंत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यांपर्यंत, पोचता पोचता कालव्याचाही जीव जातो, म्हणून मोटारी लागतात आणि माझं बरं चालतं. शेती तिची. धान तिचा. मी फक्त खायचो आणि नावं ठेवायचो.

नावं ठेवण्यासारखा एक धान तिनं पाळला होता. पाळलाच म्हणायचं. त्याला जुनं नाव होतं, पण घरात आम्ही 'आपला धान' म्हणायचो. माणसाच्या छातीला लागेल एवढा उंच, वारा आला की आडवा, सणाला शिजला की घरभर वास. इतरांचं चुरणं, म्हणजे मळणी, होऊन धान विकून झाला तरी हा अजून हिरवाच. आमच्या गावात, शेजारच्या गावात, सगळ्यांनी तो कधीचा सोडला. आता बियाणं म्हणजे दुकानातली पिवळी थैली. दरवर्षी नवी फोडायची. ही मात्र शेवटच्या बांधीत एकटीच तो लावत राहिली. बाहेर दुसरीकडे कुठे तो उरला असेल, असं मला वाटत नाही.

पिकला की ती विळा घेऊन त्या बांधीत फिरायची आणि बियाण्यासाठी लोंब्या निवडायची. मला वाटायचं, भरलेल्या, टपोऱ्या तेवढ्या घेईल. तसं नाही. उंचातली एक, बुटक्यातली एक, धुऱ्याजवळची म्हणजे बांधाकाठची, पाणी साचतं त्या कोपऱ्यातली, लवकर पिवळी पडलेली, उशिराची. एखादी तर अशी मरतुकडी की मी म्हणालो, "ही कायले घेतली? कोंबडीही खाणार नाही."

"तुमच्या मोटारी नोहेत जी त्या, साऱ्या एका मापाच्या करायले," ती म्हणाली. "सगळे एकसारखे घेतले आन् एखादं साल उलटं गेलं, तं सारेच एका दिवशी मरतीन."

मी म्हटलं, मोठी आली कृषी अधिकारी. ती हसली. तिला टोमणा लागत नसे, हाच तिच्याशी भांडण्यातला मोठा त्रास होता.

त्याच निवडलेल्या लोंब्यांतून ती आधी पाखरांचा वाटा काढायची. आमच्याकडे पीक घरी आलं की लोंब्या काडीसकट गुंफून त्याची झालर दाराशी टांगतात, चिमण्यांसाठी. लोक कोणत्याही धानाची टांगतात. हिची बियाण्यातलीच पाहिजे. उरलेलं बियाणं राख घालून, निंबाचा पाला घालून आतल्या खोलीतल्या ढोलीत, म्हणजे शेणानं लिंपलेल्या बांबूच्या कणगीत. तिला हात लावायची कोणाची टाप नव्हती. झालर सपरीत, म्हणजे पडवीत, नेमकी माझ्या खुर्चीच्या वर. सकाळी चहा घ्यायला बसलो की डोक्यावर तुसं पडायची, कपात पडायची. मी ओरडायचो, "अवो, पाहा तुझी पाखरं!"

आतून उत्तर ठरलेलं. "खाऊ द्या जी, तुमच्या ताटातलं खाऊन राह्यले का?"

तर तेरवीचं सांगत होतो. दुसऱ्यांदा वाढलेला भात संपत आला आणि मला तो वास ओळखू आला. नाकाला आधीच कळलं असणार, पण माझ्यापर्यंत पोचायला उशीर लागला. मी हात न धुता उठलो आणि आतल्या खोलीत गेलो. ढोली नव्हती. ती मागच्या अंगणात होती, रिकामी, झाडून, पालथी घालून उन्हात ठेवलेली. निंबाचा वाळका पाला बाजूला लोटलेला.

मोठ्या भावाची बायको, माझी वहिनी, चुलीशी होती. तेरा दिवस तिनंच घर ओढलं होतं. मी विचारलं, "वहिनी, ढोलीतला धान?"

"गिरणीवर देल्ला ना भाऊजी. तिच्या तेरवीले काय जाडा तांदूळ वाढाव का? येवढा वासाचा धान तिनं जपून ठेवला होता. लोक गोड खाऊन जावं, तिचं नाव काढावं."

"ते बियाणं होतं."

"घरी बियाणं कोण ठेवते आता?" ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला कळलं. हातातला झारा तिनं खाली ठेवला. तोंडाला पदर लावून ती तिथेच मातीत बसली. तिनं चांगलंच केलं होतं. पाहुण्याला घरातला उत्तम धान वाढायचा, ही आमची रीतच. उत्तम जपून ठेवला आहे तो वाढण्यासाठीच, असं तिला वाटलं. दुसऱ्या कोणाला काय वाटलं असतं?

राग आला नाही. रडूही आलं नाही. एवढंच कळलं की ती आता दुसऱ्यांदा गेली, आणि या वेळी गावानं जेवून ढेकर दिला.

पाहुणे पांगल्यावर मी सपरीत खुर्चीवर बसलो. डोक्यावर तूस पडलं. वर पाहिलं. झालर तिथेच होती. खालचा घेर चिमण्यांनी पार साफ केला होता, पण वरच्या गाठीशी, जिथे त्यांची चोच नीट पोचत नव्हती, काही लोंब्यांना दाणे होते. मी खुर्चीवर चढलो आणि झालर काढली. चिमण्या विजेच्या तारेवर बसून मला शिव्या देत होत्या. द्या म्हटलं. तिच्या हयातीत झालरीला हात लावला असता तर तिनं मला जेवायला वाढलं नसतं. दाणे चोळून काढले तेव्हा एक मूठ भरली, तीही अर्धवट.

मुलगी गोंदियाला दवाखान्यात नर्स आहे. तिला आठवलं की मागे शेतकी कॉलेजची माणसं आईकडून थोडा धान घेऊन गेली होती. तिनं फोन लावला. पलीकडचा माणूस भला होता. म्हणाला, नमुना आमच्या थंड खोलीत आहे, अर्ज केला तर थोडा मिळेल. पण तो त्या वर्षीचा. त्यानंतर दरवर्षी तुमच्या आईनं जे निवडलं, ते त्यात नाही. घरी दाणे सापडले असतील तर आधी तेच लावा, ते तुमच्याच पाण्यामातीतून आलेले आहेत. मुलीनं मला हे सगळं समजावून सांगितलं. मी "बरं" म्हटलं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच "बरं" म्हणत होतो.

पाऊस लागल्यावर फुटक्या घमेल्यात पऱ्हे टाकले, म्हणजे रोपांसाठी ते दाणे पेरले. सगळे उगवले नाहीत. रोवणीला, रोपांच्या लावणीला, वहिनी न बोलावता आली. इतर बांध्यांत बाया गाणी म्हणत मुठीमुठीनं रोवत होत्या. ही शेवटच्या बांधीच्या कोपऱ्यात एकेक काडी लावत होती आणि प्रत्येक काडीला तिचं नाक वाहत होतं. मी धुऱ्यावर उभा होतो. मला तिचा हेवा वाटला, हे खरं सांगतो. इतकं सहज रडता येतं माणसाला.

धान वाढला. छातीला लागला, वाऱ्यानं आडवा झाला. मी बांबू ठोकून, मोटारीची जुनी तार बांधून त्याला उभा केला. लोक म्हणाले, म्हातारा धानाला करंट देऊन राह्यला. सगळ्यांचं कापून झाल्यावर तो पिवळा पडला. मी विळा घेऊन फिरलो. उंचातली एक घेतली, बुटक्यातली एक, धुऱ्याजवळची. मरतुकडीही घेतली.

मग सपरीत बसून झालर गुंफायला लागलो. तिची गुंफण मला येत नाही. मला तारेचे वेढे येतात, तसेच घातले. मुलगी आली होती, ती म्हणाली, "बाबा, बियाणं एवढुसं, त्यातलंही पाखरांना?"

"मागच्या साली त्यांच्या तोंडचं काढून घेतलं होतं," मी म्हटलं. "आणि तुझ्या आईचा पहिला वाटा त्यांचाच असे." वेड्यावाकड्या गाठीची ती झालर जुन्या खिळ्याला टांगली.

सकाळी चहा घेऊन बसलो. चिमण्या आल्या. कपात तूस पडलं. आणि तोंडातून सवयीनं निघून गेलं, चांगलं मोठ्यानं, "अवो, पाहा तुझी पाखरं!"

ओरडून मी थांबलो. उत्तराची वाट पाहत थांबलो, आणि आतल्या घरात काहीच हललं नाही.

मग जे रडू फुटलं ते मला आवरेना. कप हातातून पडला. लहान पोरासारखा हुंदके देत होतो, शेजारच्या घरापर्यंत आवाज गेला. वहिनी धावत आली. तिला वाटलं, चिमण्यांनी सगळं बियाणं खाल्लं. ती पदर उडवून "हाड, हाड" करत झालरीकडे निघाली, तेव्हा मी तिचा हात धरला.

"खाऊ द्या वहिनी," मी म्हटलं. "माझ्या ताटातलं खाऊन राह्यले का?"