आमचा जंगली

"हा मेळघाटचा हाये, साहेब. लाकूड चोरनं यायच्या रक्तातच असते."

शेठनं माझ्याकडे बोट केलं होतं. अकोल्यातल्या त्याच्या फर्निचरच्या कारखान्यात वनखात्याचे लोक आले होते. साहेबानं चाकूनं एक फळी खरवडली. वरून काळी, आत ओली. चोरीचा साग. मी हातात रंधा घेऊन उभा. बाकी कारागीर खाली पाहत होते. शेठ म्हणाला, उद्या सकाळी याले तुमच्या ऑफिसात आणतो. मग मलाच चहा आणायला पाठवलं. आणला. एकानं कप उचलायच्या आधी माझे हात पाहिले.

आठवी सोडून चिखलदऱ्यापलीकडच्या गावातून मी इथं आलो. शेठनं काम दिलं, कारखान्यातच झोपायला जागा दिली. माय आजारी पडली तेव्हा अमरावतीच्या दवाखान्यात न्यायला गाडी पाठवली. ते खोटं नाही. म्हणून तर गिऱ्हाइकांपुढं तो मला 'आमचा जंगली' म्हणायचा, तेव्हा मीही हसायचो. लाड वाटायचा तो. आम्ही नव्या सागात खिळे ठोकायचो, उपटायचो, काळं पाणी चोळायचो, धुरात ठेवायचो. मग तो जुन्या घराचं लाकूड म्हणून विकला जायचा. काहून, ते विचारलं नाही. काम जाईल ही धास्ती.

संध्याकाळी शेठ जवळ येऊन बसला. खांद्यावर हात ठेवला. हे लाकूड गावाहून मीच आणलं असं सांग म्हणाला, दोन रोजात सोडवतो. गावाचं नावही सांगायचं होतं.

गावाचं नाव. म्हणजे तिथं जीप जाणार. घराघरात शिरणार. एका वाळल्या मोळीसाठी माझ्या मायला वनखात्याच्या लोकांनी नाक्यावर दिवसभर उभं केलं होतं. त्याच नाक्यावरून सागाचे ट्रक जायचे.

मी नाही म्हणालो.

"तुया मायसाठी गाडी कोनं पाठोली बे?"

"तुमी, शेठ. ते नाई विसरत. पन लाकूडबी तुमीच आनलं."

त्यानं माझी पेटी फाटकाबाहेर फेकली.

सकाळी त्याच्या आधी मीच ऑफिसात गेलो. ट्रक कुठून येतो, माल कुठं उतरतो, या हातांनी मी काय काय केलं, सगळं सांगितलं. साहेबानं पेन उघडलं अन् म्हणाला, पहिले तुझं गाव सांग.

"पहिले शेठचं नाव लिहा, साहेब. मंग मायं गाव इचारा."

तो लिहीपर्यंत मी गाव सांगणार नाही. मारलं तरी नाही.