निंबाच्या झोक्याचं उत्तर

"मॅडम, ही सरळसरळ सामुदायिक कॉपी आहे," पाटीलसाहेब म्हणाले आणि सात पेपर माझ्यासमोर टाकले.

पाटीलसाहेब म्हणजे आमचे विस्तार अधिकारी. तालुक्यातल्या शाळांवर नजर ठेवणं हे त्यांचं काम, आणि ते ती मनापासून ठेवायचे. मी धुळ्याच्या एका हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवत होते. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे सातवीची परीक्षा केंद्रावर व्हायची, आजूबाजूच्या खेड्यांतली मुलं एकत्र बसायची. त्या वर्षी इंग्रजीची मॉडरेटर मी होते. मॉडरेटर म्हणजे दुसऱ्यांनी तपासलेले पेपर पुन्हा बघून चुका काढणारी बाई. या कामाने माणसं जोडली जात नाहीत.

सातही पेपर एकाच खेड्यातल्या मुलींचे होते. पुस्तकात एका म्हाताऱ्या सुताराचा धडा होता. जन्मभर झाडं तोडून पोट भरलेला हा सुतार एकटा राहत असतो. हात थरथरायला लागल्यावर तो अंगणात निंबाचं रोप लावतो. का लावतो, ते धड्यात कुठेच सांगितलेलं नाही. पेपरात प्रश्न होता, सुताराने झाड का लावलं असं तुम्हाला वाटतं?

सातही मुलींनी लिहिलं होतं, 'बिकॉज हिज डॉटर विल कम इन आखाजी अँड शी वॉन्ट्स स्विंग.' म्हणजे त्याची मुलगी आखाजीच्या सणाला येईल आणि तिला झोका हवा. सगळीकडे तेच वाक्य, त्याच चुकांसकट.

"धड्यात मुलगी आहे का?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"आखाजी?"

"इंग्रजी धड्यात आखाजी कुठून येणार?"

"मग? एकीने काहीतरी ठोकून दिलं आणि बाकीच्यांनी उतरवलं. मी रिझल्ट रोखतोय."

मला वाक्य वाचून हसू आलं होतं, ते तिथेच थांबलं. रिझल्ट रोखणे हा शब्द कागदावर साधा दिसतो. त्या खेड्यात शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीसाठी रोज एसटीने दुसऱ्या गावी जावं लागे. मुलीला पाठवायचं की नाही, यावर घराघरात आधीच वाद चालायचे. कॉपीचा शिक्का बसलेल्या पोरीसाठी कोणता बाप एसटीचा पास काढणार होता? सातजणींचं शिक्षण तिथेच संपलं असतं.

"साहेब, एकदा मुलींशी बोलू," मी म्हणाले. "मग काय ते ठरवा."

"तुम्हाला उन्हात फिरायची हौसच आहे."

"आहे. तुम्हीही चला."

ते कुरकुरत आले. धुळ्याहून एसटीने तासाभराचा रस्ता. आखाजी तोंडावर आली होती, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात या सणाला सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात आणि झोक्यावर गाणी म्हणतात. गावात ठिकठिकाणी दोर टांगलेले होते.

शाळेत मुलींना इंग्रजी शिकवणारे सोनवणे सर वाटच बघत होते. नोकरीत नवे, इस्त्रीचा शर्ट घामाने भिजलेला. मी पेपर दाखवला.

"हे वाक्य फळ्यावर मीच लिहिलं होतं, मॅडम," ते म्हणाले.

"परीक्षेच्या दिवशी?" साहेब गरजले.

"नाही हो साहेब! वर्गात, दिवाळीनंतर. यांच्याकडे गाईड नाही. मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं ते सांगा. आधी अहिराणीत बोलू दिलं, मग सगळ्यांनी मिळून इंग्रजी केलं. मी फळ्यावर लिहिलं, त्यांनी पाठ केलं. चुका माझ्याही असतील."

चुका त्यांच्याही होत्या, पण तो विषय मी तेव्हा काढला नाही.

मुली भिंतीशी उभ्या होत्या. त्यांतली मंगल नावाची मुलगी जरा धीट वाटली. साहेबांनी तिलाच धरलं.

"सुताराला मुलगी आहे, हे कोणी सांगितलं तुला?"

"एकला शे ना तो," मंगल म्हणाली. "पोर सासरले गयी व्हई."

साहेब माझ्याकडे बघायला लागले. एकटा आहे, म्हणजे मुलगी सासरी गेली असणार. धड्यातल्या एका शब्दावरून पोरीने सुताराचं अख्खं घर उभं केलं होतं. आमच्या हायस्कूलच्या मुलांना 'एकटा' या शब्दाचा अर्थ येत होता, पण तो एकटा का, हे विचारायचं कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

साहेब सहजासहजी सोडणारे नव्हते. "अगं, निंब मोठा व्हायला किती वर्षं लागतात! त्याला झोका बांधता येईल तेव्हा तो म्हातारा असेल का?"

मंगलने जरा विचार केला. कोणाकडे बघितलं नाही.

"म्हतारा नही राही," ती म्हणाली. "पन पोर ते येईच ना, साहेब."

म्हातारा राहणार नाही, पण मुलगी तर येईलच ना.

मला एकदम भरून आलं. माझे वडील जाऊन फार दिवस झाले नव्हते आणि त्या आखाजीला माहेरी जायचं कोणासाठी, असा प्रश्न मला पडला होता. मी पदर सारखा करत खिडकीबाहेर बघत राहिले. साहेब चष्मा पुसत होते. तो तसा स्वच्छच होता.

परतताना एसटीत साहेबांनी दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाले, "कॉपी नाही, मान्य. पण उत्तर तर चूकच ना? नमुना उत्तर वेगळं आहे."

नमुना उत्तर म्हणजे तपासणाऱ्यांना दिलेलं बरोबर उत्तर. त्यात होतं, येणाऱ्या पिढ्यांना सावली मिळावी म्हणून.

केंद्रावर पोचल्यावर मी दुसऱ्या एका मोठ्या शाळेचा गठ्ठा सोडला आणि त्यांच्यापुढे एकेक पेपर ठेवत गेले. येणाऱ्या पिढ्यांसाठी. येणाऱ्या पिढ्यांसाठी. येणाऱ्या पिढ्यांसाठी. गाईडात 'जनरेशन'चं स्पेलिंग चुकीचं छापलं होतं, तेही सगळ्यांनी इमानेइतबारे उतरवलं होतं. आणि सगळ्यांना पैकीच्या पैकी मार्क.

"साहेब, यांचाही रिझल्ट रोखायचा का?"

"हे पाठांतर आहे, मॅडम."

"ते पण पाठांतरच आहे. फक्त पाठ करण्याआधी त्यांनी विचार केलेला आहे. आणि प्रश्न 'तुम्हाला काय वाटतं' असा आहे. त्यांना जे वाटलं ते त्यांनी लिहिलं."

साहेबांनी कपाळावर आठ्या घातल्या. मग हात पुढे केला.

"पेन द्या."

कॉपीचा शेरा त्यांनी स्वतः खोडला आणि खाली सही केली. व्याकरणाचा एक मार्क मी कापला. तो कापायलाच हवा होता, पोरींचं इंग्रजी कच्चं होतं हे काही खोटं नव्हतं. बाकीचे दिले. सातहीजणी पास झाल्या. काठावर, पण पास.

जूनमध्ये सोनवणे सर कामानिमित्त धुळ्याला आले तेव्हा भेटले. सातपैकी पाचजणी आठवीला जायला लागल्या होत्या. दोघींच्या घरच्यांनी तरीही पाठवलं नाही. मंगल जात होती. तिचा बाप पहिल्या दिवशी स्वतः एसटीत बसवून द्यायला आला होता, असं सर म्हणाले.

मी पुढे बरीच वर्षं पेपर काढले. 'तुम्हाला काय वाटतं' असा प्रश्न घातला की त्याच्यापुढे नमुना उत्तर लिहिणं मी बंद केलं. तपासणारे चिडायचे. "मॅडम, मग बरोबर कसं ओळखायचं?" असं विचारायचे. मी सांगायचे, उत्तर वाचून.