नवारीची सीट

पाठीच्या ऑपरेशननंतर माझी सायकल सुटली. मागं रेलून, पाय पुढं करून चालवायची सायकल मी मोबाइलवर पाहिली आणि पुसेगावच्या एका वेल्डरला दाखवली. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. बोलताना तो माझ्या तोंडाकडं कमी, कमरेला बांधलेल्या पट्ट्याकडं जास्त बघायचा.

"शॉकअप बसवा," मी म्हणालो. "बहीण साखऱ्याला असते, पण तिथवर जाणं आता काही व्हायचं नाही. गल्लीत फिरलो तरी पुरे. फक्त धक्का नको."

त्यानं मला शेडातल्या नवारीच्या बाजेवर निजवलं. पाठ अलगद टेकली.

"बाजेला कुठं शॉकअप राहते? तरी बाळंतीण तिच्यावरच निजते ना? उगं वजन काहून वाढवायचं? सीटलाबी नवारच विणतो, ढिली झाली की घरीच आवळा."

आठ दिवसांनी गेलो, तर सीटला बाजेसारखी नवार विणलेली आणि मागं भलंमोठं कॅरिअर.

"हे मी कुठं सांगितलं होतं? गल्लीत कॅरिअर कशाला?"

वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवत तो म्हणाला, "बहीण तुमाला साखऱ्याहून रिकाम्या हातानं येऊ देणार हाय का?"