डावी बाजू लांब

पार्लरमधले केस रोज संध्याकाळी झाडून टाकता येतात, किस्से नाही झाडता येत. ते कोपऱ्याकोपऱ्यात साचत जातात आणि चार बायका जमल्या की एकेक बाहेर पडतो. आरमोरीत बाजाराच्या रस्त्याला माझं पार्लर आहे. पार्लर म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. मध्ये पडदा, पडद्यामागे घर. हाताखाली रेखा आहे. तिचा आयब्रोचा दोरा जेवढा चालतो, त्याच्या दुप्पट जीभ चालते.

नवऱ्यांवरून झालेले, सासवांवरून झालेले, फेशियल करता करता झोपलेल्या बायांवरून झालेले असे ढीगभर किस्से आहेत. पण एका हेअरकटवरून जेवढे झाले तेवढे कशावरून नाही झाले. असिमेट्रिकल पिक्सी! म्हणजे केस मुलासारखे बारीक, पण दोन बाजू सारख्या नाहीत. एक बाजू कानावर आखूड, दुसरी गालापर्यंत लांब. आरमोरीत हा कट मी आणला. मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगणार नाही!

*

शिकले मी तो नागपूरला. क्लासच्या मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "जो कट स्वतःच्या डोक्यावर ठेवायची हिंमत नाही, तो दुसरीला सुचवायचा नाही."

मी म्हटलं, "घ्या कात्री!"

एसटीने परत आले. नवरा प्रमोद स्टँडवर स्कूटर घेऊन उभा होता. त्याने मला उजवीकडून पाहिलं. मग स्कूटर स्टँडला लावून डावीकडून पाहिलं. मग पुन्हा उजवीकडून. मी वाट पाहत होते, आता काहीतरी छान बोलेल.

"काऊन व ज्योती, केस कापता कापता मधातच बस लागली का?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या कुंदाबाई दारात हजर. हातात रिकामं ताट, त्यावर रुमाल.

"गेली होती तं सांगाचं नाई का? म्या बी आली असती दर्शनाले!"

आमच्याकडची माणसं तिरुपतीला जातात, तिथे केस देतात आणि येताना लाडूचा प्रसाद आणून गल्लीत वाटतात. कुंदाबाईंनी माझं डोकं पाहिलं आणि हिशोब लावून टाकला. मी म्हटलं, "अवो कुंदाबाई, मी नागपूरले गेली होती. फॅशन होय ही."

त्यांनी लांब बाजू बोटांनी उचलून पाहिली. "लपवू नको. अर्धे देल्ले, अर्धे बाकी ठेवले. नवस फिटाचा हाय का अजून?"

शेवटी मी हार मानली आणि नागपूरहून आणलेल्या संत्रा बर्फीची एक वडी त्यांच्या ताटात ठेवली. कुंदाबाईंनी ती डोळ्यांना लावली आणि मगच खाल्ली!

*

आता सासूबाईंबद्दल सांगायला पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्या सासूबाई, शेवंताबाई, यांची वेणी अख्ख्या आरमोरीला माहीत. डोक्यावर कायम पदर, आणि पदराखालून निघालेली काळीभोर वेणी थेट कमरेपर्यंत. पार्लरच्या दाराशी एक बाक आहे, त्यावर बसून त्या भाजी निवडायच्या आणि आल्यागेल्या बाईची चौकशी करायच्या. अर्ध्या बाया माझ्याकडे त्यांच्याशी बोलायलाच यायच्या. आयब्रो जाता जाता.

त्या वेणीचा मला दुसराही उपयोग होता. मी घरी तेल बनवते. माका, जास्वंद, आवळा, सगळं टाकून. गिऱ्हाईक विचारायचं, "गुण येते का ताई?" मी नुसतं बाकाकडे बोट दाखवायचे. "त्या पाहा!" बाटली लगेच खपायची. एकदा एक चौकस मास्तरीण म्हणाली, "पण यांचे कपाळावरचे केस पांढरे दिसते, अन् वेणी काळी कशी?"

मी म्हटलं, "हे तेल टोकाकडून वर चढते. अजून वर पोचलं नाई!"

मास्तरणीने दोन बाटल्या नेल्या. मी कोणाचेही केस नजरेने ओळखते, मेंदी कुठली, डाय कुठला, खरं काय. तो माझा धंदाच आहे. सासूबाईंच्या केसांना मात्र त्यांनी मला कधी हात लावू दिला नाही. न्हाऊन झालं की त्यांची खोली आतून बंद. मी म्हणायचे, बाई, मालीश करून देते. त्या म्हणायच्या, "माह्या डोक्याले नाई लागाचं."

तर या सासूबाईंनी माझा पिक्सी पाहिला. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बाईचे केस म्हंजे बाईची इज्जत होय. मी नाई ठेवत पाय तुह्या दुकानात."

आणि खरंच नाही ठेवला. भाजीची परात घेऊन मागच्या अंगणात बसायला लागल्या. घरात बोलायच्या, जेवायला वाढायच्या, पण पडद्याच्या अलीकडे यायच्या नाहीत. बाक रिकामा झाला. बाया यायच्या, बाकाकडे पाहायच्या आणि म्हणायच्या, "शेवंताबाईले नाई आवडलं वाटते." मग खुर्चीत कोण बसणार? पण धंद्याचं जाऊ द्या. मला त्या बाकावर सासूबाई हव्या होत्या. दिवसातून दहादा मी सवयीने तिकडे बघायचे आणि मला वाईट वाटायचं.

*

पहिली हिंमत केली वर्षाने. वर्षा आमच्याच गावची, वनरक्षक. रोज जंगलात पायी गस्त. कमरेपर्यंत केस, ते टोपीत कोंबायचे, ते पुन्हा सुटायचे आणि बोराटीच्या काट्यांत अडकायचे. आली आणि धप्पकन खुर्चीत बसली.

"ताई, तुमच्यासारखं करा. काल मी पुढं गेली अन् वेणी झुडपातच राह्यली."

मी तिला नीट समजावलं. हा कट फोटो पाहून होत नाही, डोकं पाहून होतो. आधी भोवरा शोधायचा. भोवरा ज्या अंगाला केस वळवतो, लांब बाजू त्याच अंगाला ठेवायची. उलट केलं तर सकाळी उठल्यावर केस कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभे. मग चेहरा. वर्षाचा गोल, म्हणून लांब बाजू गालाच्या हाडाखाली उतरवायची. भोवरा तिचा डावीकडे निघाला. "डावी बाजू लांब," मी जाहीर केलं. मला आठवतं, तेव्हा पडदा जरासा हलला होता. मला वाटलं पंखा.

वेणी कापून टेबलावर ठेवली. रेखा हळहळली, "वर्षे, एवढे केस गेले! आता जंगलात वाघ तुले ओळखन का?"

वर्षा आरशात इकडून तिकडून बघत म्हणाली, "म्या त्याले ओळखलं म्हंजे झालं!"

*

तेवढ्यात गल्लीत आरोळी आली, "केसांवर भांडेऽऽ!" हा माणूस केस घेतो आणि स्टीलचं भांडं देतो. बाया विंचरलेला गुंतवळ वर्षभर जमवून ठेवतात आणि त्याच्याकडून वाटी-चमचा घेतात. वर्षाच्या हातात तर आख्खी वेणी! त्याने झाकणासकट डबा काढला. वर्षा म्हणाली, परात पण पाहिजे. तो म्हणाला, डबा आणि गाळणी. दोघांचं अगदी जमतच आलं होतं.

मागच्या दाराने सासूबाई गल्लीत आल्या. दुकानात पाय ठेवायचा नव्हता ना! सरळ त्याच्या हातातून वेणी ओढून घेतली.

"पोरीचे केस भांड्यावारी नाई द्याचे." आणि वेणी पदराखाली घालून आत गेल्या. मी वर्षाला म्हटलं, जाऊ दे, जुनी माणसं, वैनगंगेत सोडतील. भांडेवाला मात्र चिडला. जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमच्या घरात एक कापते अन् एक ओढते. धंदा कसा कराचा जी माणसानं?"

*

पिक्सी कापणं सोपं, रोज बसवणं कठीण. वर्षाला मी हेअर वॅक्सची डबी दिली होती. तिकडे जंगलातल्या क्वार्टरवर ती संपली. दिवस थंडीचे. मोहाच्या बियांचं तेल थंडीत तुपासारखं घट्ट होतं, हे तिला माहीत होतं. तिने तेच बोटावर घेतलं आणि लांब बाजू झोकात बसवली. सकाळी सगळे म्हणाले, वा मॅडम!

दुपारी ऊन चढलं. तेल पातळ झालं. डोक्यावरचं सगळं ओघळून गालाला चिकटलं. तिचे साहेब पाहणीला आले, त्यांनी काळजीने विचारलं, "नाल्यात पडल्या का?"

"नाही सर," वर्षा म्हणाली, "सकाळची स्टाईल होती, दुपारची निघाली."

हसू नका. आता थंडीत मी सकाळच्या गिऱ्हाईकांना तेच तेल लावते. फक्त बजावते, बाराच्या आत घरी जायचं!

*

वर्षामुळे गाडी सुरू झाली. दवाखान्यातली एक नर्स आली, मग ती चौकस मास्तरीण आली. मास्तरणीची लांब बाजू डोळ्यावर यायची म्हणून ती फळ्यापाशी मान कलती करून शिकवायची. थोड्याच दिवसांत सगळा वर्ग मान कलती करून पाढे म्हणायला लागला. तिकडे मागच्या अंगणात सासूबाईंची वेणी एकदम भरली. दुप्पट जाड! मी गिऱ्हाईकांसाठी पडदा बाजूला करायचे आणि म्हणायचे, "बोलली होती ना मी, तेल वर चढते!" बाटल्या पुरेनात. बाक तसाच रिकामा होता.

*

आणि मग वर्षाचं लग्न आलं. नवरदेव गडचांदूरचा. त्याला कटसकट पोरगी आवडली होती. पण त्याच्या आत्याने फोटो पाहिला होता तो वर्षा टोपीत असतानाचा.

लग्नाच्या दिवशी सकाळी नवरी माझ्या खुर्चीत. पार्लर गच्च भरलेलं. आत्याबाई फुलांची वेणी घेऊन आल्या. त्यांच्या घरची रीत अशी की नवरदेवाची आत्या नवरीच्या अंबाड्यावर स्वतःच्या हाताने वेणी माळते, मगच नवरी मांडवात जाते. आत्याबाईंनी नवरीचं डोकं पाहिलं आणि तिथेच थांबल्या.

"केस कुठी हाय?"

रेखा धावत बाजारात गेली आणि तयार अंबाडा घेऊन आली. रंग विटकरी. वर्षाच्या डोक्यावर तो सुगरणीच्या खोप्यासारखा दिसत होता. बारीक केसांत पिना धरत नव्हत्या, तरी मी कशीबशी वीसेक लावल्या. वर्षा उठली, आत्याबाईंच्या पाया पडायला वाकली. नवरीच्या आधी अंबाडाच पाया पडला!

कोणी हसलं नाही. आत्याबाई म्हणाल्या, "आमच्या घरी असं नाई चालत बाई. मांडवात चार लोक का म्हनन?" वर्षा म्हणजे वाघाला ओळखणारी पोरगी, पण तिचे डोळे भरून आले होते आणि काजळ जाईल म्हणून ती वर छताकडे बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कट माझा होता.

तेव्हा पडदा सरकला आणि सासूबाई पार्लरमध्ये आल्या. मला वाटलं, आता आत्याबाईंना साथ मिळाली, संपलं सगळं.

सासूबाईंनी डोक्यावरचा पदर खाली घेतला. मानेमागे हात नेला, दोन आकडे काढले आणि आख्खी वेणी, कमरेपर्यंतची, सोडवून आत्याबाईंच्या हातात ठेवली.

"घ्या, हे बांधा नवरीले. अर्धी तं तिचीच होय."

त्यांच्या डोक्यावर कानाखालपर्यंतचे विरळ, पांढरे केस होते. पार्लरमध्ये एकच आवाज येत होता. रेखा तेलाच्या बाटल्या एकेक करून टेबलाखाली सरकवत होती.

आत्याबाईंनी हातातल्या वेणीकडे पाहिलं. मग सासूबाईंच्या डोक्याकडे, मग वर्षाकडे. त्यांनी वेणी जपून टेबलावर ठेवली, फुलं उचलली आणि वर्षाची डावी, लांब बाजू बोटांवर घेतली.

"इथी पुरते की जागा," त्या म्हणाल्या आणि फुलं तिथेच माळली. वर्षा तशीच मांडवात गेली.

सगळ्या बाया तिच्यामागे गेल्या. सासूबाई नाही गेल्या. त्या नवरीच्या रिकाम्या खुर्चीत बसल्या, आरशात स्वतःला पाहिलं, मग आरशातूनच मला.

"पाहून का राह्यली? आंधी भोवरा कुठी हाय ते शोध."