सुलटा तुकडा

अनुपमाबद्दल मी लिहावं एवढी माझी तिची ओळख नव्हती. दीडेक वर्ष ती शिरूरला आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहिली. तिला चहात साखर किती लागते हे आमच्या हिला माहीत होतं, मला नव्हतं. तिला मैत्रिणी होत्या का, लग्नाचं कुठं चाललं होतं का, मी कधी विचारलं नाही. जन्मभर एसटीच्या तिकीटखिडकीमागं बसलेला माणूस मी. ‘कुठं जायचंय’ याच्यापुढं कुणाला काही विचारायची सवय नाही. पण तिच्या स्टेजवर पहिला पाय माझा पडला आणि घरातून निघताना ती शेवटचं बोलली ती माझ्याशी. म्हणून जमेल तसं लिहितो.

ती मूळची राहू गावची. घरी तरकारीची शेती. शिकून ती पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत लागली होती, पण काम बसल्या जागी करायची. राहूच्या मळ्यात नेट टिकत नव्हतं आणि पुण्यात तिचा जीव रमत नव्हता, म्हणून मधलं शिरूर. कंपनी कॉम्प्युटरवरचे मारामारीचे खेळ तयार करायची. मला कळलं ते असं: दोन बाहुल्या हवेत तरंगणाऱ्या फळ्यांवर उड्या मारतात आणि एकमेकीला पडद्याबाहेर ढकलतात. जी बाहेर पडली ती हरली. हे ज्या जमिनीवर चालतं तिला स्टेज म्हणायचं. बाहुल्या दुसरं कोणी करायचं. अनुपमा जमीन करायची.

यावेळी तिनं जमीन म्हणून आईची गोधडी घेतली होती. एकेका तुकड्याचा फोटो काढून तिनं ती पडद्यावर जशीच्या तशी अंथरली. पण ती गोधडी गप्प राहायची नाही. मधलेच तुकडे पायऱ्यांसारखे वर यायचे. खालून माणसाएवढी सुई यायची, दुसरीकडं बुडायची, आणि दोरा ओढला जाऊन सगळी जमीन चुणायची. मग एक कोपरा उचलायचा आणि अख्खी गोधडी पलटी खायची. बाहुल्यांनी तेवढ्यात उडी मारून खालच्या बाजूवर उतरायचं. पलटी खाताना आवाज यायचा तो मला आवडत नसे. भिजलेली गोधडी दगडावर आपटावी तसा.

एकदा तिची आई आली, धुरपदाबाई. आम्ही दोघं म्हातारी वर जाऊन बसलो. पडदा पाहून बाई खूश झाल्या. बोट लावून दाखवायला लागल्या.

“ही माझीच की गं. ह्यो तुझा पिवळा फ्रॉक. ही तुझ्या आज्याची बंडी. आन् ह्यो निळा, आपल्या संपतचा सदरा.”

तेवढ्यात गोधडी पलटली. बाईंनी बोट असं मागं घेतलं, जणू तव्याला लागलं.

“हे काय केलंस?”

“पलटी हाय ती आई. खालची बाजू.”

“समदी मारलीस की.”

अनुपमा हसली. बाई हसल्या नाहीत.

त्यांच्या घरची एक रीत आहे, ती मला त्या दिवशी कळली. गोधडीत जित्या माणसाचं कापड सुलटं लावायचं आणि गेलेल्याचं उलटं. घरातलं कोणी गेलं की त्याचा तुकडा उसवून, फिरवून पुन्हा शिवायचा. खऱ्या गोधडीला खालून अख्खं लुगडं लावलेलं असतं, त्यामुळं तुकड्यांची मागची बाजू कुणाला दिसत नाही. अनुपमानं खेळात ते लुगडं काढून टाकलं होतं, खालूनही रंग दिसावेत म्हणून. त्यामुळं पलटी खाल्ली की जिवंत माणसं उलटी व्हायची आणि मेलेली सुलटी.

“लुगडं कशापायी लावत्यात वाटलं तुला? उबीसाठी?” बाई म्हणाल्या.

“पोरं खेळत्यात गं यावर. कोण बघतंय उलटं-सुलटं?”

“मी बघितलं न्हवं आत्ता.”

अनुपमा म्हणाली, कंपनीला पलटीच सगळ्यात जास्त आवडलीय, आता ती काढता येणार नाही. बाई बराच वेळ पदराचा काठ चाचपत बसल्या.

“बाकीच्यांचं मी न्हाई म्हणत,” शेवटी त्या म्हणाल्या. “संपतचा तेवढा सुलटा ठेव.”

संपत अनुपमाचा धाकटा भाऊ. कोरेगाव भीमाला कारखान्यात कामाला होता. चार वर्षांमागं खोली सोडली, आणि कुठं गेला ते कुणाला कळलं नाही. भावकीतल्या बाया म्हणायच्या, आता उलटव त्याचा तुकडा. बाई उलटवत नव्हत्या. तो वीतभर निळा तुकडा सुलटा होता तोवर पोरगा कुठंतरी जेवतखात होता.

आई राहूला परत गेल्यावर अनुपमा त्या एका तुकड्यामागं लागली. काम झाल्यावर एका दुपारी तिनं जिन्यावरून हाक मारली.

“आप्पा, घडी मोडायला या.”

“कशाची?”

“स्टेजची. आमच्याकडं नव्या गोधडीवर पहिल्यांदा म्हाताऱ्या माणसाला निजवत्यात. म्हंजी गोधडी टिकती.”

“आणि म्हातारा?”

“तो आधीच टिकलेला असतोय.”

माझ्या हातात तिनं बटणांचं यंत्र दिलं. माझी बाहुली आपली आपणच खाली पडायला लागली.

“तुम्ही मारू नका आप्पा. नुसतं उभं राहिलात तरी लई झालं.”

मी उभा राहिलो. गोधडी पलटली. सगळे तुकडे उलटे, फिके, टाक्यांच्या गाठी वर आलेल्या. आणि मधोमध निळा एकटा सुलटा, लखलखीत. मला बरं वाटलं. पुन्हा पलटी झाली. आता सगळं जागेवर यायला हवं होतं.

“तो पिवळा तसाच राहिला का गं?” मी विचारलं. मला वाटलं, माझ्याच डोळ्यांचा दोष.

ती वाकून पाहायला लागली. पिवळ्या तुकड्यावरची फुलं दिसत नव्हती, नुसत्या गाठी आणि लोंबणारे दोरे. तिनं खेळ थांबवला.

“मी हात नाही लावला त्याला.”

निळा मोकळा करून पाहिला तर पिवळा नीट पलटला. निळा पुन्हा धरला, पिवळा उलटाच राहिला.

“एकाला धरलं की दुसरा सुटतोय. कुठंतरी चुकतंय माझं.”

“मग दुसरा कुठला तरी सुटू दे. तुझाच कशाला?”

“केलं करून आप्पा. पिवळाच सुटतोय.”

खेळ थांबलेला होता. दोन्ही बाहुल्या उडी मारता मारता हवेत अडकल्या होत्या. सुई अर्धी बाहेर. पण तो पिवळा तुकडा हलत होता. वाऱ्यानं हलतं तसं नाही. खाली कोणीतरी निजलंय आणि त्याचा श्वास चाललाय, तसा तो वर यायचा आणि बसायचा. मी तिच्याकडं पाहिलं. तीही तिथंच पाहत होती.

“निळा सोड,” मी म्हणालो. “आईला काय कळणार आहे?”

“आई बघती आप्पा. बघितलंत न्हवं तुम्ही.” तिनं पडदा मिटला. “निळा सुलटा राहू द्या.”

स्टेज तसंच कंपनीला गेलं. त्याच आठवड्यात राहूला फोन आला. संपतचा. तो सुरतेला होता, घरी यायला निघाला होता. अनुपमा स्कूटीवरून राहूला निघाली. न्हावऱ्याच्या पुढं उसाची ट्रॉली रस्त्यावर बंद पडून उभी होती. त्याच्यापुढचं मला लिहिता येत नाही.

संपत आला. बहिणीच्या दहाव्याला तोच बसला होता. धुरपदाबाई घरात होत्या, मांडीवर गोधडी आणि हातात कात्री. मी दारातूनच परतलो.

निघाली त्या दिवशी ती घाईत जिना उतरली. मी ओट्यावर पेपर वाचत होतो.

“आप्पा, दोरीवर कपडे हायेत माझे. मी उद्या येते.”

“वाळले की काढून ठेवतो. घड्या घालायला हिला सांगतो.”

“घाला. पण उलटे वाळत घातलेत, तसेच राहू द्या. सुलटे केले की उन्हानं रंग उडतो.”

“बरं,” मी म्हणालो.