कुत्र्यांनी निवडलेला विषय

आमच्या घरात शिकलेलं कोणीच नव्हतं, पण अभ्यास कसा करावा याबद्दल प्रत्येकाचं मत होतं. त्यात बाबांचं सगळ्यांत ठाम. अभ्यास म्हणजे मोठ्यानं वाचणं. "मनातल्या मनात वाचलं म्हंजे मनातल्या मनात जेवल्यावानी झालं," असं ते म्हणायचे. ते स्वतः अंगठा उठवणारे. मी पुस्तक उलटं धरलं असतं तरी त्यांना कळलं नसतं. त्यामुळे पोरगी शिकते आहे याचा त्यांच्याकडे एकच पुरावा होता, तो म्हणजे आवाज.

या मतात त्यांचा एक फायदाही होता, तो मात्र ते बोलून दाखवत नसत. शिरपूरच्या बाहेर ओढ्याच्या काठी आमची बाडी होती. वांगी, मेथी, कांदे आणि एका अंगाला जामाची झाडं. पेरूला आमच्याकडे जाम म्हणतात. गावच्या देवळाला येणारे यात्रेकरू एस्टीतून उतरले की आधी जाम घ्यायचे, मग दर्शनाला जायचे. पण जाम पोपटांनाही आवडतात, आणि ते तिकीट न काढता येतात. म्हणून शाळा सुटली की बाबा मला पुस्तक देऊन बागेतल्या मचाणावर चढवून द्यायचे. मी वाचायचे, पोपट उडायचे. तिकडे विहिरीवर बाबा मोट हाकायचे आणि माझा आवाज थांबला की हाक मारायचे, "काहून वं, झोपली काय?"

मचाणाखाली दोन कुत्रे असायचे. तांबडी म्हातारी होती, शहाणी होती, आणि घरात तिला माझ्यापेक्षा जास्त मान होता. माय भाकरी थापायला बसली की पहिली जाड भाकर तांबडीची, मग आम्ही. दुसरा तिचा पोरगा, बांड्या. पिल्लू असताना गाडीच्या चाकाखाली त्याचं शेपूट गेलं. तेव्हापासून त्याचा राग फक्त बैलांवर. बाकी सगळे त्याचे दोस्त, चोरसुद्धा. एकदा जाम चोरायला आलेल्या पोरांना त्यानं झाडापर्यंत सोबत केली होती.

त्या वर्षी मी मॅट्रिकला होते. सगळे विषय मचाणावरूनच वाचायचे. भूमिती काढली की बांड्या चारही पाय वर करून झोपी जायचा. विज्ञानाला तांबडी एक डोळा उघडा ठेवायची, तोही माझ्या मानासाठी. पोपटांना तर विज्ञान फारच मानवायचं. 'उष्णता दिली असता पदार्थ प्रसरण पावतात' एवढं मी म्हणेपर्यंत शेंड्यावरचे पाच-सहा जाम कुरतडून झालेले असायचे.

इतिहासाचं तसं नव्हतं. त्यात एका किल्ल्याच्या वेढ्याचा धडा होता. शत्रू खाली तळ देऊन बसलाय, वर धान्य संपत आलंय आणि किल्लेदार म्हणतो, दार उघडणार नाही. तो धडा मला बसून वाचताच येत नसे. मी मचाणावर उभी राहायचे. हात आपोआप वर जायचा. 'तोफांचा भडिमार सुरू झाला' म्हटलं की तांबडी उठायची, बांड्या भुंकत झाडाझाडाखाली धावायचा आणि पोपटांचा सगळा थवा ओढ्यापलीकडे जायचा. धड्याच्या शेवटचा परिच्छेद मात्र मला आवडत नव्हता. तिथपर्यंत आले की मी पान मागे उलटायचे आणि वेढा पुन्हा पहिल्यापासून घालायचे. परीक्षेत त्या परिच्छेदावर प्रश्न आला असता तर माझं काही खरं नव्हतं.

आता अडचण अशी होती की मला विज्ञानात मार्क चांगले पडायचे. त्याचा सुगावा अकोल्याच्या मामाला लागला. मामा कचेरीत कारकून. माहेरचा एकुलता एक पगारी माणूस म्हणून मायला त्याचा शब्द शेवटचा. संक्रांत झाली आणि मामा तिळगूळ घेऊन आला तो माझं सगळं आयुष्य ठरवूनच. मी सायन्सला जायचं, त्याच्या दोन खोल्यांत राहायचं आणि पुढे डॉक्टर व्हायचं. "डॉक्टर नाई झाली तं नर्स होईन," त्यानं मायला धीर दिला.

मला इतिहास शिकायचा होता. पण हे म्हणायची माझी छाती नव्हती. आर्टला जायचं म्हणजे डोकं नाही हे कबूल करण्यासारखं होतं. मामा तर म्हणायचाच, "आर्टले कोन जाते? ज्याईले कुठंच घेत नाईत थे." मी तिळगूळ खात आतून धुमसत होते. रागाच्या बाबतीत मी बाबांवर गेले आहे. फरक एवढाच की त्यांचा राग बाहेर येतो, माझा नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबतो.

बाबा एवढा वेळ कोपऱ्यात सुपारी कातरत होते. अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, "साळेबुवा, थे सायन्स तिले जमत नाई."

"काहून जमत नाई? मार्क पाहा ना!"

"मार्क मले वाचता येत नाईत. तुमी बाडीत चला. आयकून पाहा."

मग मिरवणूक निघाली. पुढे तांबडी, मागे बाबा, त्यांच्या मागे नवी पँट वर धरून मामा, मग माय आणि सगळ्यांत शेवटी जिची परीक्षा होती ती मी. मला मचाणावर चढवलं. बाबांनी खालून हुकूम सोडला, "पयले सायन्स."

मी खरंच मनापासून वाचलं. मामाला उगाच बोलायला जागा नको म्हणून घसा खरवडून वाचलं. उष्णता दिली, पदार्थ प्रसरण पावले. बांड्यानं मोठी जांभई दिली आणि मामाच्या बुटावर डोकं टेकून झोपला. पोपट आले. आधी दोन, मग सगळं खानदान. एक अर्धा कुरतडलेला जाम वरून सुटला आणि मामाच्या खांद्यावर आपटला.

"आता इतिहास," बाबा म्हणाले.

मी वेढा सुरू केला. कधी उभी राहिले ते माझं मलाच कळलं नाही. तोफांपर्यंत आले आणि खाली एकच कल्ला झाला. तांबडी कान टवकारून उभी, बांड्या मामाचा बूट सोडून झाडांत घुसला, पोपट ओरडत ओढा ओलांडून गेले. मामाच्या पँटीवर चिखलाचे पंजे उमटले होते. त्याचं तोंड आठवलं की मला अजून हसू येतं.

"भाऊजी," मामा पँट झटकत म्हणाला, "पोरीचं शिक्षन तुमी कुत्र्याईले इचारून ठरवता?"

"एकट्या कुत्र्याईले कायले?" बाबा म्हणाले. "पोपटाईलेबी इचारलं ना."

मायनं पदर तोंडाला लावला. मामा चिडला आणि त्या चिडण्यात त्याच्या हातून एक चांगलं काम झालं. तो माझ्याकडे वळून ओरडला, "तूच सांग वं, तुले काय शिकाचं हाये?"

तोवर मला हे कोणी विचारलंच नव्हतं. मी वरून, मचाणावर उभी होते तशीच ओरडले, "मले इतिहास शिकाचा हाये!" आवाज वेढ्याच्या मापाचा निघाला. बांड्या पुन्हा धावत सुटला.

अशी मी इतिहासाला लागले. जून उलटल्यावर वाशीमच्या कॉलेजात नाव घातलं आणि आत्याकडे राहायला गेले. बाबा आणि दोन्ही कुत्रे एस्टीपर्यंत आले. बांड्या गाडीत चढला, कंडक्टरनं त्याला उतरवलं.

आणि कॉलेजात माझा पुरता हिरमोड झाला. इतिहासाचे सर खुर्चीत बसून पिवळ्या पडलेल्या वहीतून सांगायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. कारणे, स्वरूप, परिणाम. माणूस नाही, तोफ नाही, किल्ला नाही. सगळं मनातल्या मनात. आत्याकडे मोठ्यानं वाचायची सोय नव्हती, तिचे मालक रात्रपाळी करून दिवसा झोपायचे. महिन्यामागून महिने गेले आणि मला वाटायला लागलं की मामाचंच खरं होतं. दिवाळीला जाऊ, बाबांना सरळ सांगू की माझी चूक झाली, पुढच्या साली मला अकोल्याला पाठवा. हे वाक्य मी एस्टीत घोकत आले. बाबांनी माझ्यासाठी मामाशी वाकडं घेतलं होतं, आता त्यांनीच मामाला निरोप धाडायचा होता.

घरी कोणी नव्हतं. पिशवी ठेवून बाडीकडे निघाले तर लांबूनच आवाज आला. कोणीतरी गळा फाडून ओरडत होतं.

"शत्रूनं तळ देला! धान्य सरत आलं! किल्लेदार म्हने, दार उघडनार नाई! तोफाचा भडिमार सुरू झाला!"

मचाणावर बाबा उभे होते. एक हात वर. खाली बांड्या झाडांतून धावत होता, तांबडी म्हातारपणानं जागच्या जागी भुंकत होती आणि पोपट ओढ्यापलीकडे निघाले होते. धडा जवळजवळ शब्दाला शब्द होता. वर्षभर मोट हाकता हाकता कानावर पडलेला.

मला पाहिल्यावर ते ओशाळले. घाईघाईनं खाली उतरले. "काय करतं बाप्पा," म्हणाले, "तू गेली अन् पोपट माजले. डबे वाजवले, गोफन फिरवली. हे कुत्रे हालत नाईत. याईले थोच धडा लागते."

मग त्यांनीच विचारलं, "एक सांग. मंग फुडं काय झालं? तू दरवेळी तोफापाशी आली का पुन्ना पयल्यापासून सुरू करे. मी तिकडं इहिरीवर बैल थांबवून उभा राहो, आता सांगन, मंग सांगन म्हनून. त्या किल्ल्याचं काय झालं?"

मी बांधावर बसले आणि सांगितलं. पुस्तक नव्हतं, वही नव्हती. किल्ल्यातल्या बायकांनी जात्यावर काय दळलं असेल, तळ्याचं पाणी कसं आटलं असेल, जे सरांनीही सांगितलं नव्हतं, तेसुद्धा सांगितलं. उन्हं उतरली. बाबा उकिडवे बसून ऐकत होते, बांड्या माझ्या पायांवर पडला होता, जागा होता. अकोल्याचं घोकलेलं वाक्य तोंडाशी आलंच नाही. मला हेच शिकायचं होतं, आणि सर कसेही असले तरी मी ते शिकणार होते.

शेवटी तो नावडता परिच्छेद आला. पान उलटायला हातात काही नव्हतं.

"किल्ला पडला बाबा," मी म्हणाले. "आपन हारलो."

त्यांनी ओढ्याकडे पाहिलं. पोपट परत येऊ लागले होते. मग गुडघ्यावर हात देऊन ते उठले आणि मचाणाची शिडी धरली.

"अशीन," ते म्हणाले. "पन हे पोपटाईले नको सांगू."