सर्वानुमते

कतारमध्ये, दोह्यातल्या एका भारतीय शाळेत मी इतिहास शिकवतो. दरवर्षी रोमचा धडा येतो आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "सर, रिपब्लिक एक्झॅक्टली कधी संपलं?" मुलांना पेपरात लिहायला तारीख हवी असते. मी सांगतो, बाबांनो, रोमच्या लोकांनाही ती सांगता आली नसती. सिनेट भरत होती, निवडणुका होत होत्या, वर्षाला दोन कॉन्सल नेमले जात होते. पहिल्या सम्राटाने स्वतःला राजा कधी म्हणवून घेतलंच नाही. इतकं सांगूनही मुलं तारीख मागतात. पूर्वी मला त्यांचा राग यायचा. हल्ली मलाही एक तारीख हवी आहे, फक्त ती रोमची नाही.

आमचं एक मराठी मंडळ आहे. मंडळ हा शब्दही मोठा झाला. दोह्याजवळच्या अल वक्रामधल्या एका चाचा-चाचींनी सुरू केलेली ती महिन्याची बैठक. चाचा रत्नागिरीचे, उभी हयात इथल्या एका गोदामात स्टोअरकीपर. त्यांनी गावाहून एक मोठी निळी सतरंजी आणली होती. नियम एकच: सतरंजी ज्याच्या घरी, बैठक त्याच्या घरी, आणि त्या दिवसाचा अध्यक्षही तोच. बैठक उठली की सतरंजी पुढच्या घरी जायची. सगळी घरं झाल्याशिवाय कुणाची बारी परत येत नसे. माझ्या दोन खोल्यांत बडे इंजिनिअर मांडीला मांडी लावून बसले आहेत आणि मी शांत राहा म्हटल्यावर गप्पही झाले आहेत. चाचींच्या बारीला सांदणं असायची, नारळाच्या दुधातली. त्या दिवशी कुणी दांडी मारत नसे.

मग कोविड आला. तेव्हा सतरंजी द पर्ल या श्रीमंत वस्तीत राहणाऱ्या एका साहेबांकडे होती, ती त्यांच्याकडेच राहिली. खोटं कशाला बोलू, त्या वर्षी साहेबांनी जीव तोडून काम केलं. आजारी घरांना डबे पोचवले, अडकलेल्यांना विमानात बसवून दिलं. रोमही असंच दमलं होतं, आपसातल्या लढायांनी. अशा वेळी शांतता देतो, धान्य देतो म्हणणारा कुणी भेटला की आपल्या हातातून काय सुटतंय याकडे माणसं बघत नाहीत.

बैठका पुन्हा सुरू झाल्या त्या साहेबांच्या हॉलमध्ये. एवढ्या वर्षापुरतं, असं ठरलं. तिथे सोफे होते, पार्किंग होतं. सतरंजी स्टोअररूममध्ये गेली. मग दरवर्षी साहेब हात जोडून म्हणायचे, "आता दुसऱ्या कुणीतरी घ्या, मी थकलो," आणि दरवर्षी सगळे नाही नाही करत त्यांनाच बसवायचे. पहिला सम्राट सत्ता परत करायला निघाला तेव्हा सिनेटनेही त्याच्या अशाच विनवण्या केल्या होत्या. हे मी एकदा आमच्यातल्या एका आयटीवाल्याला ऐकवलं. तो म्हणाला, "सर, चिल करा. काम करतो ना माणूस?"

वेळही बदलली. पूर्वी शुक्रवारी संध्याकाळी जमायचो, आता शुक्रवारी अकराला, मुलांच्या सोयीसाठी. जुम्म्याच्या नमाजासाठी चाचा मधूनच उठायचे आणि परत येईपर्यंत जेवणं उरकलेली असायची. हे कुणी मुद्दाम केलं नव्हतं. मला त्याचाच जास्त संताप येतो.

यंदा चाचांची नोकरी संपली आणि कायमचं गावी जायचं ठरलं. त्यांनी मला फोन केला. "मास्तर, एक बारी आमच्याकडं ठेवा. ही बोलते, जायच्या आदी सगल्यांना घरात बसलेले बगायचेत." एवढंच मागणं होतं त्यांचं.

मी बैठकीत विषय काढला. साहेब म्हणाले, "अहो, चाचांसाठी काहीही करू. पण त्यांच्या फ्लॅटमध्ये एवढी माणसं मावणार कशी? आपण इथेच त्यांचा सत्कार ठेवू." माना डोलल्या. "पण बारी त्यांची आहे," मी म्हणालो. कुणी विरोध केला नाही. मला कधीच कुणी विरोध करत नाही, हसून पाठीवर थाप मारतात आणि मग हवं तेच करतात.

सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फोटो. मग साहेबांच्या मर्जीतल्या एकाने ठराव वाचला, की साहेबांनी यापुढे कायमचं अध्यक्षपद स्वीकारावं आणि सर्वांत ज्येष्ठ म्हणून चाचांनी त्याला अनुमोदन द्यावं. खांद्यावर नवी कोरी शाल, समोर मोबाईल धरलेले. चाचांनी चाचींकडे पाहिलं आणि हात वर केला. टाळ्या पडल्या. सर्वानुमते मंजूर. मग आठवण म्हणून साहेबांनी चाचांना भेट दिली. ती निळी सतरंजी होती, लाँड्रीतून धुऊन आणलेली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली.

दोघांना वक्राला सोडायला मी गेलो. गाडीत न राहवून विचारलं, "चाचा, हात का वर केलात?"

"त्यांच्या घरात बसून त्यांनाच नाय कसा बोलू, मास्तर?"

 घरोघरी फिरणाऱ्या त्या सतरंजीचा अर्थ इतकी वर्षं इतिहास शिकवूनही मला असा थेट सांगता आला नसता.

वर गेलो. सामान आधीच गावी रवाना झालेलं, हॉल मोकळा, फरशी पुसलेली. चाचींनी प्लास्टिक फाडलं आणि सतरंजी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अंथरली. मग आतून पातेलं आणलं. सकाळीच करून ठेवली होती सांदणं, सगळ्यांना पुरतील एवढी. सत्कारानंतर लोक पाच मिनिटं तरी येऊन जातील, असं त्या धरून चालल्या होत्या.

"बसा मास्तर," चाचा म्हणाले. "आज आमची बारी."

आम्ही तिघं एका कोपऱ्यात बसलो. चाची वाढत राहिल्या, आणि त्यांच्या घरात बसून मलाही नाही म्हणता आलं नाही.